कुत्र्याचं ‘नको’ ओळखायचं कसं? (अनुभव धागा)

“काहीच केलं नव्हतं हो, अचानक चावला.” कुत्रा चावल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. खरं तर त्याने आधी बऱ्याचदा ‘नको’ सांगितलेलं असतं. भुंकून न सांगता अंगाने सांगितलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या घरात त्याचं ‘नको’ ऐकलं जातं, तिथल्या माणसांजवळ तो आपणहून येऊन टेकतो. कुत्र्यांबरोबर रोजचं काम असणाऱ्यांनी इथे लिहावं ही विनंती. किस्से नकोत. काय दिसतं, दिसल्यावर काय करायचं आणि कुठे चुकतं, एवढंच लिहा.

प्रशिक्षक, पुणे

तोंडाकडे बघा. निवांत कुत्र्याचं तोंड थोडं उघडं असतं, जीभ सैल असते. कुणी त्याच्यावर ओणवं झालं की तोंड पटकन मिटतं आणि क्षणभर सगळं अंग थिजतं. ही सगळ्यात कामाची खूण, आणि नेमकी हीच सुटते. तिच्या आगेमागे बाकीच्या येतात : समोर खाणं नसताना जिभेचं टोक नाकाला लावून आत घेणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवणं, कान मागे चिकटणं, पुढचा एक पाय उचलून धरणं, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर. ती कोर दिसली की हात मागे घ्या, अंग बाजूला वळवा, दोन पावलं दूर व्हा. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

गुरगुरला म्हणून कधीही मारू नका, ओरडू नका. भीती तशीच राहते, फक्त आवाज बंद होतो आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात.

शेपटी हलते म्हणजे तो खूश आहे असं नाही. कंबरेपासून सगळं अंग डुलत असेल तर आनंद. शेपटी उंच, ताठ आणि जेमतेम टोकाशी भराभर हलत असेल तर तो तापलेला आहे. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी नोंदवलं की मालक दिसल्यावर शेपटी कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डाव्या. नुसत्या डोळ्यांना हे सहजी टिपता येत नाही, म्हणून रोजच्या व्यवहारात ताठपणाच बघावा. आपल्या गावठी कुत्र्यांची शेपटी बहुधा पाठीवर वळलेली असते. ती उलगडून खाली आली की तो घाबरलाय असं समजा, पायांत गेली नसली तरी.

लहान मुलं असलेल्या घरांना सल्ला देते, डोंबिवली

घरात पाळण्याचा एकच नियम सांगायचा तर तीन सेकंदांचा. कुत्र्याच्या बाजूला बसा, समोर नको. हात डोक्यावरून न नेता हनुवटीखाली किंवा छातीवर ठेवा, तीन सेकंद खाजवा आणि थांबा. तो जवळ सरकला, हाताला नाकाने ढुसणी दिली, तर पुन्हा तीन सेकंद. नुसता बसून राहिला किंवा अंग झाडलं तर आज पुरे. चार वर्षांच्या मुलालाही हे ‘एक, दोन, तीन, थांब’ म्हणून शिकवता येतं. गळ्यात पडून मिठी मारणं मात्र बंद म्हणजे बंद. त्यात कुत्र्याला सुटायला वाट नसते आणि मुलाचा चेहरा नेमका त्याच्या दातांपाशी येतो.

झोपलेल्याला हात लावून उठवू नका. लांबून नावाने हाक मारा.

ग्रूमर, नाशिक

नखं कापायला चौघांनी दाबून धरायचं, ही पद्धत आपण सगळ्यांनी मिळून मोडायला हवी. एकदा दाबून धरलं की पुढचे कित्येक महिने कटर दिसताच तो पलंगाखाली जातो.

घडी केलेला टॉवेल मांडीवर ठेवा. त्यावर हनुवटी टेकवली की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या (मीठ, कांदा, हाड काहीही नको). दोन-तीन दिवस इतकंच. मग हनुवटी टेकलेली असताना पंजाला नुसता स्पर्श, मग पंजा धरणं, मग कटर नखाला लावणं, मग न कापता कटरचा ‘टक्’ आवाज. हनुवटी उचलली की तुमचा हात त्याच क्षणी थांबला पाहिजे. त्याला ‘नको’ म्हणायला जागा मिळते, आणि ती मिळाली की गंमत अशी की तो हनुवटी जास्त वेळ टेकवून ठेवतो. लोक चुकतात ते इथेच : “एकच राहिलंय, करून टाकू.” त्या एका नखापायी दोन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

पुढच्या पायांच्या अंगठ्यांसकट साधारण १८ नखं असतात. दिवसाला एक कापलं तरी चालतं. काळ्या नखाची आतली शीर दिसत नाही. पातळ पातळ चकत्या काढा, कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून काही मिनिटं धरा.

पशुवैद्यक, कोल्हापूर

कालपर्यंत कान खाजवून घेणारा आज गुरगुरतो, तेव्हा प्रशिक्षकाआधी दवाखाना गाठा. कानातला संसर्ग, किडलेला दात, सांधे, गोचिडांमुळे आलेला ताप : ही सगळी दुखणी आधी स्वभावात दिसतात. जिने टाळणं, गाडीत उडी न मारणं, एकच पंजा सतत चाटणं ही दुखण्याचीच भाषा आहे.

तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला कुत्रा नेहमीच गरम लागतो, थर्मामीटर वापरा. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास वारंवार मोजले गेले तर दाखवून घ्या. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. जीव जाऊ शकतो.

ठाणे

छोटीशी भर. मराठी घरात ‘बस’ म्हणजे खाली बस, आणि ‘बस!’ म्हणजे पुरे. आजी एका अर्थाने म्हणते, नातू दुसऱ्या. कुत्रा गोंधळतो आणि हट्टी ठरतो. दोन वेगळे शब्द ठरवून फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. शाबासकी कृतीनंतर एका सेकंदात मिळाली पाहिजे, खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत.

प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

जेवताना गुरगुरणाऱ्याचं ताट उचलून ‘घरात बॉस कोण’ ते दाखवा, असा सल्ला अजून सर्रास दिला जातो. या कल्पनेचं मूळ १९४७ च्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या लांडग्यांवरच्या अभ्यासात आहे, आणि ते लांडगे बंदिस्त जागेत ठेवलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकातून ती जगभर पोचवली आणि जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, असं १९९९ साली त्यांनीच मांडलं. ताट हिसकावल्याने ‘खाणं काढून घेतील’ ही कुत्र्याची शंका खरी ठरते, बस्स.

करायचं ते असं. तो खात असताना इतक्या लांबून जा की त्याचं खाणं थांबत नाही. समजा आठ फूट. चालता चालता पोळीपेक्षा भारी काहीतरी ताटाकडे टाका आणि न थांबता पुढे जा. पाच-सहा जेवणांनंतर तुम्ही दिसताच तो मान वर करून वाट बघू लागला, तर सात फूट. खाण्याचा वेग अचानक वाढला किंवा ताटावर अंग ताठ झालं, तर फार जवळ गेलात. एक फूट मागे. तोंडात चप्पल असेल तर पाठलाग नको, अदलाबदल करा. आधीच चावा घेतला असेल तर हे एकट्याने करू नका.

लातूर

कारवानी पाळणाऱ्यांसाठी. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. समोर ससा पळाला की तुमची हाक कानापर्यंत पोचतच नाही, याला अवज्ञा समजू नका. मोकळ्या रानात १० मीटरची दोरी बांधा, तीही हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला). गळ्यातल्या पट्ट्याला बांधली तर पूर्ण वेगात बसलेला झटका मानेवर येतो. डोकं मानेपेक्षा अरुंद, म्हणून तो मागे सरकला की साधा पट्टा डोक्यावरून सुटतो. रुंद आणि ओढ बसताच मर्यादेत आवळणारा घ्या. याचं ‘नको’ फार मूक असतं : उठतो, लांब जाऊन पाठ करून बसतो. मागे जाऊ नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं याच्यासाठी ठीक आहे, लोक उगाच भाकरी वाढवतात.

एडिसन, न्यू जर्सी

इथे फटाके दोनदा : ४ जुलै आणि दिवाळी. चार-सहा आठवडे आधी फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतक्या बारीक आवाजात लावा की त्याचा फक्त कान हलेल. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम उलटला तर खाऊच भीतीची खूण होतो. त्या दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणा, पट्ट्यावर फोन नंबर असू दे. बाथरूममध्ये लपला तर तिथेच अंथरूण टाका. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, मागत असेल तर खुशाल घ्या. फार घाबरणाऱ्यांसाठी डॉक्टरांकडून औषध घ्या आणि आधी एका शांत दिवशी देऊन बघा. नुसतं एसप्रोमाझिन (गुंगी आणणारं औषध) देत असतील तर पर्याय विचारा. त्याने अंग गळतं, भीती मात्र तशीच राहते.

गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालते, पणजी

गाडीखाली झोपलेल्याला हॉर्नने उठवू नका, पिल्लांजवळच्या आईसमोरून वाकून जाऊ नका. अंगावर आला तर पळू नका : हात अंगालगत, नजर जमिनीकडे, तिरके उभे राहा, तो थांबला की हळूहळू मागे सरका.

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा. दंडात घ्यायची रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) स्वतःहून विचारा. कुत्रा ओळखीचा, घरचा असला तरी हे सगळं तसंच.