गावच्या संग्रहालयात गावकरीच फिरकत नाहीत

प्रश्न: संग्रहालय स्वयंसेवकांवर चालतं. दळायची जाती, धान्य मोजायची पायली-शेराची मापं, मोडी लिपीतले जुने कागद आहेत; पण शाळेची सहल सोडली तर कुणी येत नाही. काय करावं?

प्रतिसाद १: वस्तू मागू नका, जुने फोटो मागा आणि स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्या. जत्रेच्या दिवशी देवळाच्या ओवरीत स्कॅनर मांडा. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा, टिफ फाइल (दर्जा न घटवता चित्र साठवणारी) करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर सुटतो. पान तसंच स्कॅन करा. माणसांची नावं डावीकडून क्रमाने त्याच वेळी लिहून घ्या. मग आळीवार प्रदर्शन लावा. आजीचा फोटो बघायला अख्खं घर येतं!

प्रतिसाद २: वस्तू आलीच तर भेट की उसनी, हे कागदावर लिहून सही घ्या. बहुतेक भांडणं इथेच उगवतात. क्रमांक २०२५.१४.३ असा: वर्ष, त्या वर्षीचा कितवा दाता, त्याची कितवी वस्तू. क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला सुती दोऱ्याने बांधा, चिकटवू नका.

प्रतिसाद ३: मोडी कागदांना लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको, डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि निघत नाही. आम्लरहित कागदात सपाट ठेवा. त्यांच्या छायाप्रतींवर रविवारी मोडी वाचनवर्ग घ्या. आपल्याच वाडीचं, शेताचं नाव सापडलं की लोक पुन्हा येतात.