शेपटीचं चाक लटलटतंय, टेलड्रॅगरवाले (शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचे) कुणी आहे का?

गंगापूररोडवाला
नमस्कार मंडळी, माझ्याकडे पायपर कब विमानाचं पाव स्केलचं पेट्रोल इंजिनवालं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल आहे, पंखांचा पसारा पावणेतीन मीटरच्या आसपास. हवेत एकदम शहाण्यासारखं वागतं पण जमिनीवर आलं की नाटकं सुरू. लँडिंगनंतर स्पीड थोडा कमी झाला की मागचं चाक असं काही थरथरतं की अख्खी शेपटी हलते आणि त्यातच दोनदा गर्रकन फिरून डावा पंख मुरमात घासला. चाक नवीन टाकलं, काही फरक नाही. स्टिअरिंगच्या स्प्रिंगा घट्ट करू का सैल? यूट्यूबवर निम्मे हे सांगतात निम्मे ते.

सिडको_फ्लायर
घट्ट कर भावा. माझ्या छोट्या मॉडेलला तेच केलं होतं, थांबलं.

ओझरकर काका
थांब रे, स्प्रिंगांना हात लावू नकोस आधी. मी ओझरला कारखान्यात उभी नोकरी केली, तिथे सगळी जेट, सगळ्यांचं चाक नाकाखाली, त्यामुळे शेपटीच्या चाकाचं मला जे काही कळतं ते तरुणपणी फ्लाइंग क्लबात पुष्पकच्या मागे मागे फिरून कळलं. पुष्पक म्हणजे आपल्या एचएएलचंच, १९५८ ला पहिल्यांदा उडालं, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन सीट. तिथले म्हातारे मेकॅनिक चाक थरथरलं की पहिल्यांदा ओळंबा घेऊन यायचे, पाना नंतर.

तुझं चाक ज्या उभ्या पिनवर फिरतं ती पिन बघ. विमान पूर्ण भरून, म्हणजे टाकी भरलेली, बॅटऱ्या आत, तिन्ही चाकांवर सपाट फरशीवर उभं कर आणि बाजूने ओळंबा लाव. पिन सरळ उभी हवी, नाहीतर वरचं टोक किंचित मागे. वरचं टोक पुढे, इंजिनाकडे झुकलेलं असेल तर लटलटणारच, मग स्प्रिंग कसलीही लाव. असं होतं कशाने, तर पाटा, म्हणजे मागचं चाक ज्याच्या टोकाला असतं ती वाकवलेली स्प्रिंगपट्टी, बसतो. आपटून आपटून त्याची कमान सपाट होते, मागचं टोक वर उचललं जातं आणि त्याच्याबरोबर पिनचं डोकं पुढे येतं. रिकामं विमान उचलून हातात धरून बघशील तर सगळं ठीकच दिसेल, वजन पडल्यावरच चोरी पकडली जाते.

दुसरं, पिनच्या बुशमध्ये (पिन ज्यात फिरते त्या नळीत) खेळ आहे का ते चाक धरून हलवून बघ. आणि चाकाचा नट किती आवळलाय? चाक अडखळायला नको पण डुगडुगायलाही नको.

गर्रकन फिरतं ते वेगळं दुखणं. टेलड्रॅगरचं वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे असतं, त्यामुळे नाक जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं. मोठ्या विमानालाही हेच, पायलट तिथे जमिनीवर चालवत नेऊन थांबेपर्यंत रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या) पेडलवरून पाय सोडत नाही. तू जमिनीला टेकलं की रडर सोडून देत असशील.

गंगापूररोडवाला
काका हो, सोडतो 🙈 टेकलं की वाटतं झालं आता

सातपूर_फिटर
काकांना दुजोरा. पाटा बसला असेल तर गॅसवर तापवून वाकवायला जाऊ नको, स्प्रिंग स्टीलचं पाणी उतरतं आणि दोन लँडिंगमध्ये परत तसाच होतो. ट्रकच्या कमान-पाट्याच्या दुकानात बघ कसं थंडच ठोकून कमान मारतात, तसं व्हाइसमध्ये थोडं थोडं कर. किंवा सोपं म्हणजे पाटा आणि बॉडीच्या मध्ये अल्युमिनियमची पाचर घाल, जाड बाजू शेपटीकडे. मोठ्या विमानात असले प्रकार मॅन्युअल आणि एएमईच्या (विमान देखभाल इंजिनिअरच्या) सहीशिवाय करायचे नसतात, आपलं मॉडेल आहे म्हणून चालतंय.

स्प्रिंगांचं म्हणशील तर रडर सरळ, चाक सरळ, दोन्ही नुसत्या ताठ, ओढलेल्या नकोत. फार आवळल्या तर खड्ड्यातला प्रत्येक धक्का सरळ सर्व्होच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दातांवर. मोठ्या विमानांना तर डावी-उजवी मुद्दाम वेगवेगळ्या ताकदीची स्प्रिंग लावतात, दोघींचा ताल जुळू नये म्हणून.

आणि उडवतोस कुठे? इकडे ओझर, गांधीनगर, देवळाली सगळंच आहे, कुठे उडवता येतं ते दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा बघून घे एकदा.

गंगापूररोडवाला
रविवारी सगळं केलं. ओळंबा लावला आणि हसूच आलं, पिनचं डोकं चांगलं पुढे, डोळ्याला दिसत होतं आणि मी महिनाभर चाकं बदलतोय. अंबडला मित्राच्या वर्कशॉपमधून पाचर घासून आणली, बुश पण पितळेचं नवीन टाकलं कारण जुनं अंडाकृती झालं होतं. थरथर गेली. फक्त मुरमाच्या खडबडीत भागात स्पीडमध्ये किंचित जाणवते. गर्रकन एकदा फिरलंच पण ती माझीच चूक, रिमोटवर रडरचा अंगठा सुटला.

@सिडको_फ्लायर तुझं मॉडेल केवढं होतं?

सिडको_फ्लायर
फोमचं होतं रे 😅 सव्वा मीटर

ओझरकर काका
पाचरीचे बोल्ट पुढच्या दोन-तीन फ्लाइटनंतर परत तपास, नवीन तुकडा घातला की बसतो आणि बोल्ट ढिले होतात. नायलॉनवाले लॉकनट लाव, नुसता वॉशर नको.

गंगापूररोडवाला
नुसते वॉशरच आहेत काका. आज संध्याकाळी बदलतो.