मदत हवी आहे: ‘ओरेल’ बॅटलशिपच्या पेपर मॉडेलच्या बाजू बसत नाहीयेत
मंडळी, पेपर मॉडेल करणारं कोणी आहे का इथे? रशियाच्या ‘ओरेल’चं किट करतोय, १:२०० स्केल, म्हणजे १२१ मीटरचं जहाज साधारण ६० सेंमी. बोरोदिनो क्लासची (एकाच आराखड्याची) चार जहाजं १९०५ ला रशिया-जपान युद्धात त्सुशिमाच्या समुद्री लढाईत लढली, तीन बुडाली आणि उरलेलं जपान्यांनी पकडलं ते हे.

आतला सांगाडा १ मिमी पुठ्ठ्यावर मस्त सरळ उभा राहिलाय, पण याच्या बाजू वर जाताना आत झुकतात, फ्रेंच धाटणी ना, त्यात सहा इंची तोफांचे टरेट (फिरते बुरूज) पण कडेलाच, तिथे कागदाला एकदम दोन दिशांनी वळायचं असतं आणि तो काही वळत नाही, पांढरा गम लावला की ओला होऊन आत बसतो आणि दुष्काळातल्या बैलासारख्या फासळ्या दिसतात.

आधी जाड कागदाचं अस्तर लावून वर प्रिंटेड कागद चढवू का? पण मग जाडी वाढून डेकची कड जुळेल का? की मधे फोम भरून घासून घेऊ?

शिवाय पिवळ्या धुरांड्यांच्या कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतायत, त्या वॉटरकलरने रंगवता की स्केचपेनने?

तोफांच्या नळ्या कागद गुंडाळून छान झाल्यात, त्यामुळे पितळी घे म्हणून सांगू नका, बजेट नाहीये 😅