कृत्रिम झडपेला संसर्ग, पण रक्ताचे कल्चर निगेटिव्ह: ब्रुसेला की क्यू फीव्हर?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांचे वय ६२ असून ते फलटण तालुक्यात शेती आणि शेळीपालन करतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातील महाधमनीची झडप बदलून यांत्रिक झडप बसवली आहे आणि रक्त पातळ राहावे म्हणून ते रोज ॲसिट्रॉम घेतात. दिवाळीपासून त्यांना रोज संध्याकाळी कणकण येते, रात्री घामाने बनियन भिजते आणि वजन उतरत चालले आहे. गावाकडे टायफॉइड समजून अँटिबायोटिक दिली गेली आणि रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, गेले ते त्यानंतर, पुण्यात दाखल केल्यावर. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तिन्ही नमुन्यांत काहीच वाढले नाही. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसले नव्हते, मात्र अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडपेच्या कडेला हलणारे छोटे व्हेजिटेशन (संसर्गाने झडपेवर साचलेली गाठ) दिसले आणि तिथूनच थोडी गळतीही आहे.

हृदयरोगतज्ज्ञ याला एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराचा व झडपेचा संसर्ग, म्हणतात, तर फिजिशियनांच्या मते टीबीची औषधे सुरू करून पाहावीत. मला हे दुसरे मत पटत नाही, कारण त्या औषधांतील रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही (शेळ्या-गुरांकडून, कच्च्या दुधातूनही माणसाला लागणारा जंतू) काही अंशी चालते, म्हणजे ताप तात्पुरता उतरून खरे निदान आणखी लांबू शकते. शिवाय त्याने ॲसिट्रॉमचा परिणाम कमी होऊन आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) घसरतो, आणि यांत्रिक झडप असताना ते परवडणारे नाही.

आतापर्यंत कोणीच न विचारलेली गोष्ट म्हणजे पावसाळ्यात आमच्या बऱ्याच शेळ्यांनी लागोपाठ गाभ टाकला होता. वार अडकली की वडील ती हातमोजे न घालता स्वतःच ओढून काढतात, आणि धारोष्ण दूध तर लहानपणापासूनचे. या माहितीवरून नेमक्या कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा, आणि त्यांचे निकाल येईपर्यंत टीबीची औषधे थांबवा असे सांगणे योग्य ठरेल का? ज्यांच्या घरी असा रुग्ण होता त्यांनीही कृपया लिहावे.

प्रतिसाद

मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण शेळ्यांची हकीकत त्यांना आजच सांगा आणि तपासणीच्या कागदावरही लिहायला लावा. कल्चर निगेटिव्ह येण्याचे सर्वांत मोठे कारण आधी घेतलेली अँटिबायोटिक हेच असते, त्यामुळे नेहमीचे जंतूही अजून बाद झालेले नाहीत. ब्रुसेलाची शंका प्रयोगशाळेला आधी कळवणे आवश्यक आहे, कारण तो सावकाश वाढतो आणि बेसावध कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण होते. त्यासाठी रक्तातील अँटिबॉडीची एसएटी तपासणी बऱ्याच ठिकाणी होते.

क्यू फीव्हर हाही शेळ्या-मेंढ्यांकडून, विशेषतः त्यांच्या वारेतून लागणारा आजार आहे; त्याचा जंतू कॉक्सिएला नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही. त्याच्याविरुद्धच्या फेज-१ आयजीजी या अँटिबॉडीचे रक्तातील प्रमाण १:८०० च्या वर असेल, तर ड्यूक निकषांत (एंडोकार्डायटिसचे निदान करण्याच्या ठरलेल्या कसोट्या) तो एंडोकार्डायटिसचा प्रमुख पुरावा धरला जातो. ही तपासणी सर्वत्र होत नाही. मोठ्या लॅबकडे नमुना बाहेर पाठवण्याची सोय विचारा.

दोन्हींचे उपचार लांबतात. कॉक्सिएलासाठी डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, तेही कृत्रिम झडप असल्यास किमान २४ महिने, आणि त्या काळात डोळ्यांची तपासणी नियमित हवी. ब्रुसेलात दोन-तीन औषधे मिळून काही महिने द्यावी लागतात आणि पुष्कळदा झडपही बदलावी लागते. टीबीच्या औषधांबद्दलची तुमची शंका रास्त आहे, ती हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन एकत्र असताना मांडा. मात्र धाप वाढली, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर काढलेली झडप सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये जाऊ देऊ नका, कारण मग तिचे कल्चर होत नाही आणि पीसीआरही (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) नीट होत नाही. एक तुकडा निर्जंतुक डबीत वेगळा ठेवण्याविषयी सर्जनना आधीच सांगून ठेवा. आणि पशुवैद्यकांकडून शेळ्यांचे रक्त तपासून घ्या. तोवर घरातल्या कोणीही कच्चे दूध पिऊ नये आणि वारेला उघडा हात लावू नये.