मदत हवी आहे : आईला केदारनाथला पायी न्यावे की डोलीने?

सर्वांना सविनय नमस्कार. आम्ही परळीचे. वैद्यनाथ तर आमच्या दारातच आहे. औंढा नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर यांचे दर्शनही आईने अनेकदा घेतले असून, आता वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिला केदारनाथ करायचे आहे.

अडचण अशी की मंदिर सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे, गौरीकुंडापासूनची चढण सोळा किलोमीटरांच्या आसपास भरते आणि आईचे गुडघे गेली चार वर्षे दुखत आहेत. मी डोली, खेचर व हेलिकॉप्टर असे पर्याय सुचवले. परंतु ‘माहूरला रेणुकेच्या पायऱ्या मी कधी कोणाच्या खांद्यावरून चढले का?’ असे विचारून तिने मला गप्प केले. गोत्रहत्येच्या पापातून सुटण्यासाठी पांडव शंकराला शोधत हिमालयात भटकले, शंकराने बैलाचे रूप घेतले आणि केदारला त्याचे वशिंड उरले, ही कथा सांगून ती म्हणते की शोधण्याचे कष्ट हाच दर्शनाचा अर्धा भाग आहे. तिचे म्हणणे मला पटते, म्हणूनच पेच आहे.

ज्यांनी वृद्ध आईवडिलांना तेथे नेले आहे, त्यांनी कृपया सांगावे : विरळ हवेची सवय होण्यासाठी गुप्तकाशीत किती मुक्काम करावा, आणि चढताना डोली व उतरताना थोडे पायी अशी तडजोड कोणी केली आहे का? डोलीने गेल्यास यात्रेचे पुण्य उणे होते का, याविषयी जाणत्यांचे मतही हवे आहे. आईला माझ्यापेक्षा त्यांचे पटेल.