अमेरिकेतून पेटंटची नोटीस आली आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ नाशिकहून रियाजाचं एक छोटं ॲप चालवतो. तानपुरा, तबल्याचे ठेके, लेहरा, एवढंच. गिऱ्हाईक बहुतेक इथलंच, पण अमेरिकेत गाणं शिकणाऱ्या मराठी मुलांचे पालकही ते विकत घेतात. गेल्या वर्षी तिथून अडीच लाख रुपये आले.

मंगळवारी तिथल्या एका वकिलाची सात पानी नोटीस ईमेलवर आली. म्हणणं असं की आमच्या ॲपमधली 'आठवण' त्यांच्या अशिलाच्या पेटंटमध्ये बसते. दोन दिवस रियाज चुकला की संध्याकाळी फोनवर 'आज तानपुरा लावायचा राहिला' असं येतं, ती ही आठवण. २०१९ च्या गणपतीत एका रात्रीत लिहिलेला चाळीसेक ओळींचा कोड. परवा पुन्हा उघडून बघितला. दोन तारखांची वजाबाकी आणि एक संदेश, बाकी काही नाही. पेटंटचा पहिला क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारा भाग, मात्र दीड पानभर चालणारं एकच वाक्य आहे. सहा वेळा वाचल्यावर मला लागलेला अर्थ असा: वापरणाऱ्याने काय केलं याची नोंद ठेवायची आणि त्यावरून त्याला संदेश पाठवायचा. असं असेल तर दूधवाल्याच्या ॲपपासून बँकेपर्यंत कोण सुटेल?

मागणी १५,००० डॉलर, मुदत ३० दिवस. ही कंपनी स्वतः काहीच बनवत नाही, पेटंटं विकत घेऊन नोटिसा पाठवते.

ॲपल आणि सॅमसंग २०११ ते २०१८ भांडले. २०१२ मध्ये ज्यूरीने एक अब्ज डॉलरच्या वर भरपाई ठरवली होती, आणि त्या पेटंटांत यादीच्या टोकाला पोचल्यावर पान उसळी मारतं, एवढ्याचंही एक होतं. पण त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा आहेत. मला जवळचं वाटलं ते २०११ चं लॉडसिस या पेटंटवाल्या कंपनीचं प्रकरण. ॲपमधल्या 'पूर्ण आवृत्ती घ्या' या बटणासाठी एकेकट्या डेव्हलपरांकडे अमेरिकेतल्या उत्पन्नाचे ०.५७५ टक्के मागितले होते. ॲपलने 'या पेटंटांच्या आमच्या परवान्यात हे डेव्हलपर येतात' म्हणत त्यात उडी घेतली. आमच्यासाठी कोण उडी घेणार?

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. त्याचा इथे काही आधार मिळेल का? अमेरिकेतली विक्री बंद केली तर सुटका होईल का? उत्तर द्यावं की गप्प राहावं? घरी अजून सांगितलेलं नाही. झोप लागत नाही.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं अमेरिकेत पेटंटच्या कामात आहे. ही सर्वसाधारण माहिती समजा, वकील लावाच.

३(के) इथे चालणार नाही. पेटंट ज्या देशाचं, कायदा त्या देशाचा. विक्री बंद केलीत तर पुढचं थांबेल, पण भरपाई मागच्या सहा वर्षांपर्यंतची मागता येते, पेटंटची मुदत संपली असली तरी. गप्प राहू नका आणि स्वतःहून उत्तरही लिहू नका. 'आम्ही असं करतो खरं' हे एक वाक्य महागात पडतं. नोटीस आल्याची तारीख जपा, कारण जाणूनबुजून उल्लंघन ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते.

तुमच्या वकिलामार्फत त्यांच्याकडून क्लेम चार्ट मागवा. एका बाजूला क्लेमचा एकेक तुकडा, समोर तुमच्या ॲपमधली नेमकी गोष्ट. पुष्कळदा इथेच पत्रव्यवहार थंडावतो. २०१४ च्या ॲलिस निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अमूर्त कल्पना नुसती साध्या संगणकावर चालवली म्हणून पेटंट टिकत नाही. तुमचं प्रकरण त्यातलंच वाटतं. अडचण अशी की हे कोर्टात सिद्ध करायचा खर्च मागणीच्या कितीतरी पट. नोटिसा चालतात त्या याच हिशोबावर. दावा लावतानाच कुठल्या क्लेमचं उल्लंघन कसं झालं ते सांगा, आणि हरलात तर सहसा समोरच्याचा खर्च द्या, असं विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहात ३२५ विरुद्ध ९१ मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच. याचा मला आजही राग येतो.

पेटंटचा अर्ज कधीचा आहे ते बघा.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल घरी सांगितलं, पुण्यातल्या एका वकीलबाईंशी बोललो. चार्टची मागणी सोमवारी जाते आहे, आठवणीचा कोड तूर्त तसाच ठेवलाय.

अर्ज २००४ चा निघाला. म्हणजे अर्जापासूनची वीस वर्षांची मुदत संपलेली, मागणी फक्त मागच्या वर्षांची. पण अर्जाआधीच अशी गोष्ट वापरात होती हे दाखवता आलं तर पेटंटच टिकत नाही. तेव्हा २००३ किंवा त्याआधीचं औषधाची, हप्त्याची, सरावाची आठवण देणारं सॉफ्टवेअर कुणाच्या माळ्यावर असेल तर बघा. सीडीचं वेष्टन, माहितीपुस्तिका, संगणक मासिकातली जाहिरात, काहीही चालेल. छापील तारीख दिसेल असा फोटो इथे टाका.