मदत हवी आहे: रेषांच्या सुडोकूत हिरव्या रेषेची दिशा ठरत नाहीये

दोन दिवस एका सुडोकूत अडकले आहे. पूर्ण उत्तर नको, पुढची एकच पायरी दाखवा. सुरुवातीला दिलेला एकही अंक नाही, सगळा खेळ रेषांवर. नेहमीचे नियम आहेतच. शिवाय हिरव्या रेषेवर (जर्मन व्हिस्पर) शेजारशेजारच्या घरांत किमान ५ चा फरक हवा. जांभळ्या रेषेवरचे (रेनबान) अंक सलग असतात, पण क्रम कसाही. थर्मामीटरवर गोल टोकापासून अंक चढत जातात. एक निळी रेषाही आहे, ती ज्या चौकोनांतून जाते त्या प्रत्येकातल्या तिच्या तुकड्याची बेरीज सारखी. तिला अजून हात लावलेला नाही.

घरं लिहिताना आधी आडवी ओळ, मग उभी. (४,६) म्हणजे चौथ्या आडव्या ओळीतलं सहावं घर.

मधल्या चौकोनात हिरवी रेषा (४,४) पासून निघते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने फिरते आणि (५,४) वर थांबते. आठ घरं. (५,४) आणि (४,४) जोडलेली नाहीत, हे मी नीट तपासलंय.

५ शी ५ चा फरक असणारा अंकच नाही, म्हणून तो हिरव्या रेषेवर येत नाही. तो मध्यभागी, (५,५) मध्ये. ४ च्या शेजारी फक्त ९ चालतो आणि चौकोनात ९ एकच, म्हणून ४ रेषेच्या टोकाला. ६ च्या शेजारी फक्त १ चालतो, म्हणून तो दुसऱ्या टोकाला. राहिले २, ३, ७, ८. ३ ला ७ शेजारी चालत नाही, म्हणून तो ९ आणि ८ च्या मध्येच बसतो. क्रम एकच निघतो: ४-९-३-८-२-७-१-६. हे जुळलं तेव्हा इतका आनंद झाला की जरा वेळ नुसती बघत बसले.

पण (४,४) मध्ये ४ की ६? इथेच गाडी अडली.

जांभळी रेषा (४,६) पासून उजवीकडे (४,९) पर्यंत जाते आणि वर (३,९) ला संपते. पाच घरं, म्हणजे तिच्यावर ५ असणारच. त्याच (३,९) मध्ये थर्मामीटरचं गोल टोक आहे. तिथून (२,९), (१,९), मग डावीकडे (१,८), (१,७). (३,९) मध्ये पेन्सिलने १ ते ५ लिहून ठेवलेत.

दोन्ही दिशा भरून बघायच्या आणि फसेल ती खोडायची, हे मला करायचं नाही. कोडं बनवणाऱ्याने वाट ठेवली असणार, ती मला बघायची आहे.

प्रतिसाद:
हिरव्या रेषेचं सगळं बरोबर आहे, तिथे परत जाऊ नका. आता (४,६) बघा. तिथे ३ किंवा ७ येणार. ३ आला तर जांभळ्या रेषेवर ३ आणि ५ दोन्ही आले. मग मधला अंक टाळता येईल का? आणि चौथ्या ओळीत तो आधीच कुठे बसलाय? ७ धरूनही असंच बघा. याहून जास्त सांगत नाही, नाहीतर तुमची मजा जाईल.

मूळ प्रश्नकर्ती:
सापडलं! मनापासून आभार. (४,६) मध्ये ३ असेल तर जांभळ्या रेषेवर ४ लागतोच. पण चौथ्या ओळीतला ४ तेव्हा (४,४) मध्ये असतो, म्हणून रेषेवर त्याला ओळीबाहेरचं एकच घर उरतं, (३,९). ७ असेल तर तसाच ६ (३,९) मध्ये जातो. पण पाच घरांच्या थर्मामीटरच्या तळाला ६ ठेवला की वर ७, ८, ९ लागतात आणि शेवटच्या घराला अंकच उरत नाही. म्हणजे (३,९) मध्ये ४, आणि (४,४) मध्येही ४.

लगेच आणखी एक मिळालं. जांभळ्या रेषेवर ३ आहे, म्हणून ७ च्या वरचा अंक तिच्यावर येत नाही. मधल्या चौकोनातला ८ (५,६) मध्ये आहे. मग चौथ्या ओळीतला ८ डावीकडच्या चौकोनातच, आणि उजवीकडच्या चौकोनातला ८ सहाव्या ओळीत.

जांभळ्यावर १ ते ५, २ ते ६ की ३ ते ७, हे अजून उघडं आहे. आता निळ्या रेषेकडे वळते. अडले तर इथेच लिहीन, पण आज रात्रीपुरतं कुणी पुढचं सांगू नका.